धुऱ्यापर्यंतचा परवाना

आज मी हे लिहायला शिल्लक आहे ती ज्यांच्यामुळं, त्यांचं नाव आधी घेते. चंद्रपूरकडच्या मूलहून पोंभुर्ण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक गाव आहे, तिथं आम्ही भाड्यानं राहायचो. त्या घराचे मालक. गाव त्यांना बंदूकवाले भाऊ म्हणतं, मी नुसतं भाऊ म्हणते. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, सुरुवातीला तर माझं बोलणंही त्यांना नीट कळायचं नाही. त्यांनी माझ्यासाठी जे घालवलं ते अजून त्यांना परत मिळालेलं नाही. काय घालवलं ते पुढं येईलच. आधी माणूस कसा, ते.

मी सांगली जिल्ह्यातली, जतकडची. आठवीतून शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि राइस मिलमधल्या फिटर नवऱ्यामागं महाराष्ट्राच्या ह्या टोकाला आले. आमच्याकडं झाड म्हणजे बाभळ, आणि तीही लांब लांब. पलीकडच्या वस्तीवरचा माणूस निघाला की इकडून दिसतो. त्या घराचं परसदार संपलं की शेताची एक पट्टी आणि तिच्यापुढं सागाचं जंगल. निघताना माझ्या मामानं बजावलं होतं, "तिकडं गोळीबार होतो म्हणं. आवाज आला की आडवं पडायचं, आणि आवाजाच्या उलट्या अंगाला सरकायचं." मामाला कुणी सांगितलं देव जाणे. तो कधी सोलापूरच्या पुढं गेलेला नाही. पण मी मुळातच भित्री, मी ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

आल्या आठवड्यातच एकदा दिवेलागणीला असा दणका झाला की फळीवरची ताटं वाजली. मी खाटेखाली गेले. घरमालकीणबाई दारातून वाकून बघत होत्या.

"काय वं, काय शोधून राह्यली खाटेखाली?"

"गोळी सुटली बाई."

"गोळी नाई वं माय. म्हातारीनं आवाज देल्ला."

म्हातारी म्हणजे भाऊंची ठासणीची बंदूक. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग लोखंडी गजानं ठासायचं, आणि शेवटी मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते. भाऊंच्या आज्याची बंदूक ती. आज्याकडून बापाकडं, बापाकडून भाऊंकडं आलेली. बंदूक भाऊंच्या खांद्याला लागेल एवढी उंच, आणि दस्ता एका ठिकाणी पितळी तारेनं आवळलेला.

"मले दोन सासवा होत्या," बाई म्हणायच्या. "एक मेली. दुसरी थे पाह्य, भिंतीले टांगली हाय. हिले तेल लावा, हिले ऊन दाखवा, पावसात हिले गोधडीत घ्या. माह्या बाळंतपणात एवढा जीव नाई टाकला या बुड्यानं."

"तुले कुठी जंग लागते?" भाऊ म्हणायचे.

परवाना शेतीच्या राखणीचा होता. धान लोंबीवर आलं की जंगलातनं रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत बांधी, म्हणजे धानाचं अख्खं खाचर, लोळवून जातात. भाऊ संध्याकाळी आकाशाकडं तोंड करून एक आवाज काढायचे. नळीत शिसं कधीच नसायचं, नुसती बारूद आणि बोळा. धान नसेल तेव्हाही महिन्यातनं एकदा तरी काढायचेच, नाहीतर तिचा गळा बसतो म्हणायचे. परवाना फक्त स्वतःच्या शेतापुरता. शेताच्या बांधाला इकडं धुरा म्हणतात. त्या धुऱ्याच्या कडेला पायाचा अंगठा टेकवून भाऊ उभे राहायचे. पुढच्या पावलाला जंगल. ते पाऊल मी त्यांना बंदूक हातात असताना कधी टाकताना बघितलं नव्हतं. पलीकडं मोहाचं फूल पडलेलं असलं तरी आधी बंदूक घरी ठेवून यायचे आणि मग वेचायचे.

"इथून पुढं तिचा मुलूख नाई," एवढंच म्हणायचे.

आवाज काढायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगायचं, हा त्यांचा नेम. "आवाज करून राह्यलो बापा, लेकरं धरा." कोपऱ्यावरच्या ठार बहिऱ्या आजीलासुद्धा हातवारे करून सांगायचे. कुणी गरोदर आहे का, कुणाची गाय आज व्याली आहे का, हे विचारून घ्यायचे. आणि मुख्य चौकशी कोंबडीची. "कोनाची खुडूक बसली हाय काय गा?" अंड्यांवर कोंबडी बसलेली असली की भाऊ बंदूक घेऊन शेताच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे, कारण दणक्यानं अंडी नासतात असं त्यांचं मत. गल्लीतली पोरं मुद्दाम सांगायची, "भाऊ, आमची बसली." भाऊ खुराड्यात वाकून खात्री करायचे, आणि कोंबडी नसली तर, "लबाड पोट्टेहो," म्हणत पुढच्या दारात जायचे.

माझ्या खाटेखाली जाण्याची गोष्ट गावभर झाली. पण दुसऱ्या वेळेपासून भाऊ सगळ्यांत आधी माझ्या दारात यायला लागले. मला ते जिल्ह्याच्या नावानंच हाक मारायचे.

"सांगली, आवाज करून राह्यलो. भेव वाटून राह्यलं काय?"

"वाटतंय की."

"मंग घरात काऊन बसतं? चाल, पाहाले चाल. पाह्यलं नाई म्हनून भेव वाट्टे."

मला धुऱ्यावर मागच्या बाजूला बसवायचे आणि मग भरायला लागायचे. भरताना ते तिच्याशी बोलायचे, जेवायचा कंटाळा केलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं. आधी गज नळीत सोडून बघायचा, आत काही नाही ना. "पोट खाली हाय." मग गळ्यात अडकवलेल्या शिंगातली बारूद. "घे माय, बारूद घे." मग बोळा. "हे वरून. सावकाश." मग गजानं ठासणं. गज आत टण्णकन उडून वर आला की, "नाचला. पोट भरलं." मग बंदूक मांडीला टेकवून खिशातनं सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढायची, हातावर घोळायची, चिमूट दाढेला धरायची. एवढं झाल्यावर शेवटी टोपी. "आता टोपी घाल, बाहेर जायचं हाय." आणि मग दणका.

हे सगळं चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मी एकदा बोलले, तर भाऊंनी सगळं थांबवलं, गज पुन्हा आत सोडून किती खोल जातो ते पाहिलं, आणि पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. ओरडले नाहीत. पुढं बाईंनी सांगितलं. भाऊंचा बाप एकदा असाच भरत असताना कुणीतरी हाक मारली, आणि आपण भरलंय हे विसरून त्यानं वर दुसऱ्यांदा भरली. दणका असा बसला की बापाच्या खांद्याचं हाड मोडलं आणि दस्ता फुटला. पितळी तार तेव्हाची. तेव्हापासून भाऊ तोंडानं बोलत बोलत भरतात, म्हणजे आपण कुठवर आलोय ते आपल्याच कानाला ऐकू येतं.

दसऱ्याला गाव हत्यारांना हळदकुंकू लावायचं. भाऊ म्हातारीला लावू द्यायचे नाहीत. ओलं कुंकू लोखंडाला चावतं म्हणायचे. झेंडूचं फूलसुद्धा तिच्यापासून हातभर लांब ठेवायचे आणि लांबूनच नमस्कार करायचे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. भाऊ तिला बाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीनं न्यायचे. मी एकदा बाजाराला त्याच गाडीत होते.

"आजोबा, लुगड्यात काय आहे?" कंडक्टरनं विचारलं.

"म्हातारी हाय. तिले अर्धं तिकीट लागते का पुरं?"

गाडीभर लोक हसले, भाऊ हसले नाहीत. ठाण्यात तेलाची बाटली देऊन हवालदाराला म्हणाले म्हणे, "उभी ठेवजा साहेब. आडवी ठेवली तं पानी धरते." ती ठाण्यात असेपर्यंत ते संध्याकाळी धुऱ्यावर नुसतेच जायचे आणि स्वतःच्या गळ्यानं हाऽऽ करून ओरडायचे. बाई अंगणातनं म्हणायच्या, "ऐक वं सांगली, डुकरं हासून राह्यले."

मी इथं रुळले ती ह्या दोघांच्या बोलण्यात. आईची आठवण आली की ओसरीवर जाऊन बसायची आणि त्यांचं भांडण ऐकायची.

आता त्या दिवसाचं.

श्रावणात वारुळांवर सात्या येतात. सात्या म्हणजे पांढरी, जाड देठाची अळंबी. इकडं त्यांची भाजी मटणाच्या वर मानतात. गल्लीतल्या तिघी बायका सकाळी निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही निघाले. जंगलात एकमेकींना सारखं "हूऽ" करून हाक द्यायची, असं त्यांनी सांगितलं होतं. मला लाज वाटायची तसं ओरडायची. एका वारुळावर सात्या मिळाल्या, तिथून दुसरं वारूळ दिसलं, तिथून तिसरं. पदराचा ओचा भरला तेव्हा वर बघितलं, तर कुणीच नाही. ढग असे बसलेले की सूर्य कुठल्या अंगाला ते कळेना. चहूकडं साग, सगळे एकसारखे. हाका मारायला तोंड उघडलं आणि आठवलं, त्याच आठवड्यात वाघानं नाल्याजवळ गाय मारली होती. मग हाक मारायचीही भीती वाटायला लागली. मी तोंड मिटून चालत राहिले. त्या जंगलात करू नये ते सगळं मी त्या सकाळी केलं.

बायकांनी हाका मारल्या, वाट बघितली आणि गावात धावत आल्या. भाऊ जेवायला बसले होते. पुढचं बाईंनी सांगितलेलं. भाऊ ताटावरून उठले, हात धुतला, आणि एवढ्या घाईतही धोतराला पुसून पुसून कोरडा केला, कारण ओल्या हाताला बारूद चालत नाही. म्हातारी खुंटीवरून काढली, शिंग गळ्यात घातलं. त्या दिवशी दारोदार सांगायला गेले नाहीत. गल्लीला तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी झालंय.

धुऱ्यावर अंगठा टेकवून त्यांनी पहिला आवाज काढला. आवाजाच्या रोखानं मी येईन, असा त्यांचा हिशेब.

तो आवाज मला ऐकू आला. लांबून, पण स्वच्छ. आणि मी आडवी झाले. चिखलात तोंड घालून पडले. दुसरा आवाज आला तशी उठले आणि वाकून उलट्या अंगाला पळाले. मामानं सांगितलं होतं तसंच. पोलीस असतील, नक्षलवाले असतील, कुणीही असेल, आपण मध्ये सापडायचं नाही.

इकडं धुऱ्यावर भाऊ कान देऊन उभे. बाई मागं.

"येऊन नाई राह्यली," भाऊ म्हणाले. "तिच्या कानाले पोहचत नसन. पुढं जा लागते."

"तुम्ही जा. बंदूक मले द्या. जंगलात नेली तं जप्त होईन, तुमालेबी ठाव हाय."

"माह्या हाकेनं येईन थे? स्वतःच्या नवऱ्याच्या हाकेले घाबरते थे पोरगी."

"अवो, आज्याची हाय थे. जाईन ना!"

"जाऊ दे," म्हणाले, आणि धुरा ओलांडला.

मला एवढंच कळत होतं की आवाज माझ्या मागं येतोय. आधीपेक्षा जवळ. एका झाडाच्या बुंध्याला चिकटून मी डोळे मिटून बसले, आता पुढचा कधी येतो म्हणून. येईना. किती वेळ येईना. मग आला. मग पुन्हा तेवढीच शांतता. टीव्हीवर गोळीबार बघितलेला होता, तो असा थांबून थांबून होत नाही. हा कोण एवढा सावकाश गोळ्या मारतोय? आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं. पोट खाली हाय. घे माय, बारूद घे. हे वरून, सावकाश. नाचला. मग खर्रा, हातावर घोळून. आता टोपी घाल, बाहेर जायचं हाय.

आणि दणका झाला. टोपीनंतर व्हायचा अगदी तिथंच. ही तर म्हातारी.

मी उठले. रडत रडतच आवाजाच्या अंगाला चालायला लागले. वाट चुकलीसं वाटलं की थांबायची, मनात पहिल्यापासून म्हणायला लागायची, आणि म्हणून होईपर्यंत पुढचा आवाज यायचा. शेवटी शेवटी दणके बारीक यायला लागले. शिंगातली बारूद संपत आली होती, भाऊ थोडी थोडी घालत होते.

नाल्याच्या पलीकडं उंचवट्यावर ते उभे होते. धुरानं तोंड काळं झालेलं. मी त्यांच्याकडं धावले तर ओरडले, "तोंडापुढून येऊ नोको! मागून ये!" बंदूक रिकामी होती, शिंग रिकामं होतं, तरी. मी वळसा घालून मागून गेले आणि खाली बसले. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, ओच्याकडं बघितलं.

"सात्या भेटल्या तं," म्हणाले.

वनखात्याचे दोघं वाघाच्या मागावर त्याच भागात होते. एवढे आवाज झाल्यावर ते येणारच. धाकटा गार्ड भाऊंच्या ओळखीचा निघाला. तो बिचारा माझ्याकडं, भाऊंकडं, बंदुकीकडं बघत उभा राहिला.

"काऊन केलं भाऊ हे? वर फोन गेला ना."

"पोरगी परक्या मुलखातली हाय गा. तिले हाक समजत नाई."

गार्डनं आवाज खाली केला. "धुऱ्यावरून मारल्या म्हना. इथी पोरीचा आवाज ऐकून आलो, बंदूक धुऱ्यावरच होती म्हना."

"नाल्याच्या पलीकडं उभा हाय मी, तुह्या डोयापुढं. खोटं काऊन सांगू?"

भाऊंनी गज आत सोडून रिकामी असल्याचं दाखवलं, नळी जमिनीकडं केली आणि दस्ता पुढं करून म्हातारी त्यांच्या हातात दिली. त्या दोघांचं चुकलं असं मी म्हणत नाही. वाघाच्या जंगलात बंदूक वाजली तर त्यांनी तेच करायला हवं. माझा जबाब घेतला, मी होतं ते सांगितलं. बंदूक जप्त झाली, परवाना थांबला, आणि तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या.

पहिल्या आवाजाला मी त्या दिशेनं गेले असते, तर धुरा ओलांडायची वेळच आली नसती. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं माझ्याकडं बघून आडवं पडून दाखवायची, मीही हसायची. पण हसून झाल्यावर ओसरीवरची रिकामी खुंटी दिसायची.

त्यानंतरही कितीतरी दिवस भाऊ दिवेलागणीला घरातनं निघायचे आणि दारोदार जायचे. "आज आवाज नाई बापा." एवढंच सांगायचे. बहिऱ्या आजीलाही हात हलवून सांगायचे. शेवटी बाईंनी हात धरून थांबवलं. त्या वर्षी डुकरांनी धुऱ्याकडच्या बांध्या लोळवल्या. गल्लीतल्या पोरांनी पाइपाची फटाक्यासारखी बंदूक आणून दिली, भाऊंनी एकदा वाजवून परत केली. म्हणाले, "हा खोकला हाय." बाई आता सासूचं नाव काढत नाहीत. एकदा खुंटीवर मी ओली पिशवी अडकवली तर त्यांनी ती काढून दुसरीकडं ठेवली.

मी एकदा भाऊंचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले.

"तू काऊन रडतं? माह्या आज्यानं तिच्यानं जीवच घेतले. रानातलं जे दिसलं ते पाडलं. घरी परत आनलेली तू एकलीच हायेस. मले थे गेल्याचा राग नाई, तुहा बी नाई."

राग नाही हे खरं. पण माणूस आटला. बोलणं कमी झालं. संध्याकाळी हातांचं काय करावं त्यांना सुचत नाही, गुडघ्यावर ठेवतात, उचलतात, पुन्हा ठेवतात.

मूलची मिल बंद पडली तसे आम्ही ब्रह्मपुरीला आलो. आता ह्यांना आमच्याकडच्या साखर कारखान्यात काम मिळतंय. घर जवळ, आई जवळ, माणसं बोलतात ते सगळं समजणारं. ह्याच गोष्टीसाठी मी देवाला किती वेळा हात जोडलेत. पण वकील म्हणाले, केसमध्ये सगळ्यात मोठी साक्ष तुमची. जिला वाचवायला बंदूक नेली, तीच कोर्टात उभी राहिली तर शिकारीचा संशय जाईल, बंदूक सुटायची थोडी आशा राहील. बोलावणं कधी येईल ते मात्र सांगता येत नाही.

हे म्हणाले, "बोलावलं की येऊ की जतहून." मी नाही म्हणाले. एकदा आईच्या घरी पोचले की दोन गाड्या बदलून कोर्टाची पायरी चढायला मी परत येणार नाही, हे मला माझ्या भित्र्या जिवावरून ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात भाऊंकडं जाऊन सांगितलं, साक्ष होईपर्यंत मी जतला जात नाही.

"जाय ना बापा तुह्या गावाले," ते म्हणाले. "तारखा चालत रायतीन. सुटली तरी जंगानं खाल्ली असन आतून. वाजनार नाई आता थे."

"वाजली नाही तरी तुमची तुमच्या घरी यायला पाहिजे."

"अन् नाई आली तं?"

बाई म्हणाल्या, "राहू द्या तिले. थोडं तरी बरं वाटन तिले."

आईचा फोन आला, कधी येतेस म्हणून. मी सांगून टाकलं, आत्ता नाही. ह्यांना कारखान्याला नकार कळवायला लावलं. कोर्टाच्या विचारानं रात्री झोप येत नाही, ते वेगळं.

भाऊ, बंदूक सोडवून देणं माझ्या हातातलं नाही. पण तुम्ही नाल्याच्या पलीकडं का उभे होता, हे सांगायला माणूस कमी पडणार नाही. बोलावणं ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी तिथं हजर असेन, विचारतील तेवढं सांगेन, न विचारलेलंही सांगेन, आणि त्यानंतरच जतची गाडी धरेन.